नाय म्हाराजा!

आमच्या मालवणात देवाला गाऱ्हाणे घालताना एकाने मागणे म्हणायचे आणि बाकीच्यांनी हात जोडून ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे, अशी वहिवाट आहे. काय मागितले ते ऐकू आले नाही तरी चालते. ‘व्हय’ मात्र वेळेवर पडावा लागतो. असल्या होकारार्थी गावात आमच्या ताईचे सात वर्षांचे चिरंजीव जन्माला यावेत, हा रामेश्वराचा विनोदच म्हणायचा. पेज जेव म्हटले की “नाय.” शाळेत चल, “नाय.” बरे बाबा, जाऊ नकोस, “मगे मी जातलंय!”

आईने आधी मीठमिरच्या ओवाळल्या, मग देवळात गाऱ्हाणे घालवले. “ह्या झिलाचो हट्ट भायर काढ रे म्हाराजा!” “व्हय म्हाराजा!” आम्ही ओरडलो. मागून बारीक आवाज आला, “नाय म्हाराजा!”

सगळे देऊळ हसले. ताई हसली नाही. रात्री पडवीत म्हणाली, “भाऊ, मला माझंच पोर आवडेनासं झालंय रे.” यावर विनोद करायची माझी छाती झाली नाही.

शेवटी ओळखीच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. दोन-तीन वर्षांचे पोर ‘नाही’ म्हणते ते वाढीचे लक्षण. पण सहा महिने उलटून गेले, रोजचा संताप, रोजचा वाद, तर लक्ष घालावे, असे त्या म्हणाल्या. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी या प्रकाराला आपल्या रोगांच्या वहीत १९८० साली जागा दिली आणि १९८७ साली त्याचे नाव आणखी लांबवले. (हट्टाचे सगळेच लांबते.)

“औषध?” आईने विचारले.

“आहे ना. पण ते तुम्ही मोठ्यांनी घ्यायचं!”

जेराल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञाने १९८२ च्या पुस्तकात मांडलेले कोडे त्यांनी सांगितले. आई सांगते, पोर किंचाळते, आई थकून सोडून देते; पोर शिकते, किंचाळले की सुटका. पुढच्या खेपेस आई त्याच्यावर ओरडते, ते गप्प होते. आई शिकते, ओरडले की काम होते. दोघेही हुशार, त्यामुळे अभ्यास जोरात चालतो.

तेव्हा नियम मोजकेच, सांगणे एकदाच आणि शांतपणे, शिक्षा छोटी, लगेच आणि सगळ्या घराची एकच. बारीकसारीक बाबतीत निवड त्याची: “पेज आधी की आंघोळ आधी?” आणि चांगले वागला की तिथल्या तिथे कौतुक. इथे आमचे घोडे अडले. फडफडीत बांगड्यालाही ‘वायट नाय’ म्हणणारी आम्ही माणसे! पहिले दोन दिवस ताईचे “शाब्बास” धमकीसारखे ऐकू यायचे.

निवड नसलेला नियम एकच ठेवला: नारळी पौर्णिमेआधी समुद्रात पाऊल नाही. आषाढातल्या लाटेशी ‘आधी हे की आधी ते’ चालत नाही. चौथ्याच दिवशी दांडीच्या किनाऱ्यावर त्याने घोटाभर पाणी गाठले. ताईने उचलून आणले आणि एवढेच म्हणाली, “आज सायकल नाही.” मग जे रडे सुरू झाले! थांबण्याआधी आवाज वाढतो, असे बाईंनी बजावले होते. किती वाढतो ते सांगितले नव्हते. शेजारीण धावत आली, “मेल्यानु, झिलाक मारतास काय?” ताई तांदूळ निवडत बसून राहिली. तिचे हात थरथरत होते. तासाभराने पोर आपण होऊन आले आणि सुपातले खडे वेचू लागले.

“शाब्बास,” ताई म्हणाली. या खेपेस ते शाब्बासच होते.

‘नाय’ अजून आहे, पण आता दिवसातून मोजता येतात. परवा ताईने सवयीने आईलाच विचारले, “आई, चहा आधी की पूजा आधी?”

“माका शिकवक नको!” आई कडाडली.

चिरंजीवांनी आजीकडे अशा आदराने पाहिले की विचारू नका.