जुनी अक्षरे, नवे यंत्र

संगणक बदलला की आपलीच अक्षरे परकी होतात, याची प्रचीती आम्हांस पनवेलमध्ये आली. विंडोज ३.१ च्या काळात वृद्धांकडून ऐकून टंकलेल्या आठवणी आम्ही जपून ठेवल्या आहेत. सांगणाऱ्यांपैकी बहुतेक आता हयात नाहीत. नव्या संगणकाने मात्र तो १६-बिट लेखनकार्यक्रम चालविण्यासच नकार दिला.

कारण सरळ आहे. ३२-बिट विंडोजमध्ये अशा कार्यक्रमांसाठी जणू एक दुभाष्या असे. ६४-बिट विंडोजमध्ये तो नाही, आणि २०२१ मध्ये आलेले विंडोज ११ केवळ ६४-बिटच आहे. यावर उपाय असा : व्हर्च्युअलबॉक्ससारख्या साधनाने नव्या यंत्राच्या पोटात एक आभासी संगणक उभारावयाचा आणि त्यावर जुने ३२-बिट विंडोज बसवावयाचे. आम्ही तसे केले, पाने उघडली.

परंतु तेवढ्याने भागत नाही. त्या काळी निरनिराळ्या मराठी फाँटांची सांकेतिक व्यवस्था निरनिराळी असे. तो फाँट नसेल, तर ‘आई’च्या जागी निरर्थक रोमन चिन्हे उमटतात. युनिकोडमध्ये मात्र १९९१ पासून देवनागरी वर्णांना स्वतःचे क्रमांक आहेत. ते फाँटावर अवलंबून नाहीत. म्हणून त्या फाँटासाठी असलेल्या परिवर्तकाने मजकूर युनिकोडमध्ये आणावा आणि जोडाक्षरे जुन्या पडद्याशी ताडून पाहावीत. जुना कार्यक्रम चालतो आहे, तोवरच हे शक्य आहे.

वाचकहो, आपल्याही घरी एखाद्या जुन्या संगणकात कुणाचे शब्द अडकून पडले असतील. त्यांची सुटका लांबणीवर टाकू नये, एवढीच आमची विनंती.