उलाळ

बैलगाडीत उसाच्या मोळ्या मागं जास्त झाल्या, की धुरी वर उचलायला लागते. जू बैलांच्या मानेवरून सुटू पाहतं आणि गळ्याखालचे पट्टे काचायला लागतात. आमच्या वारणाकाठी अशा गाडीला ‘उलाळ’ म्हणतात. आजोबा गाडी भरून झाली, की बैल जुंपायच्या आधी धुरीला हात घालून ती उचलून बघायचे. फार जड लागली तर चार मोळ्या मागं, हलकी लागली तर चार मोळ्या पुढं. “थोडं वझं बैलाच्या मानंवर पायजेच,” ते म्हणायचे. “समदं चाकावर सोडलं, तर गाडी बैलाचं ऐकत न्हाय.”

हे वाक्य मला खरोखर कळलं ते अमेरिकेत, वयाच्या पस्तिशीत, ओहायोतल्या एका महामार्गावर.

ओहायोत लेक्सिंग्टन गावाजवळ मिड-ओहायो नावाचा शर्यतीचा ट्रॅक आहे. अमेरिकन मोटारसायक्लिस्ट असोसिएशनचे ‘व्हिंटेज मोटारसायकल डेज’ तिथं भरतात. जुन्या गाड्यांच्या शर्यती असतात आणि सुट्या भागांचा मोठा बाजार लागतो. त्या बाजारात मला एक जावा ३५० दिसली. वडिलांकडे येझदी होती, म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची. किक आणि गिअरचा दांडा एकच. आत दाबून वर फिरवला की किक, खाली आणला की गिअर. परक्या देशात, चिखलाच्या मैदानात तोच दांडा दिसल्यावर मी फार घासाघीस केली नाही. गाडी घेतली, शेजारच्या तंबूतून तिच्या सुट्या भागांची दोन खोकी घेतली आणि मित्राकडून मागून आणलेल्या ट्रेलरवर सगळं चढवलं.

ट्रेलर साधा होता. चार फूट रुंद, आठ फूट लांब, लोखंडी सांगाडा, वर प्लायवूड. पुढचं चाक अडकवायचा व्हील चॉक आधीच्या कुणा मालकानं पुढच्या कडेपासून बराच मागं बसवलेला होता. त्यामुळं जावाचं मागचं चाक अगदी शेवटच्या फळीला टेकलं. खोकी पुढं ठेवली तर पट्ट्यांना अडतात म्हणून ती मागं कोपऱ्यात सारली. गाडी मी घट्ट बांधली होती. घरी पोचेपर्यंत ती जागची हलली नाही, तरीही पुढचा प्रकार घडला.

टोलीडो जवळ आलं तेव्हा वेग ताशी साठ मैलांच्या थोडा वर होता. शेजारून एक मोठा ट्रक गेला, त्याच्या वाऱ्याचा धक्का बसला आणि ट्रेलरनं शेपूट हलवली. आधी जरा डावीकडं, मग जरा जास्त उजवीकडं, मग आणखी डावीकडं. माझ्या मोटारीचा मागचा भाग त्याच्याबरोबर ओढला जात होता. स्टीअरिंग माझ्या हातात होतं, पण गाडीनं कुठं जायचं ते ट्रेलर ठरवत होता. मी ब्रेक दाबला नाही. अशा वेळी ब्रेक दाबला तर मागचं वजन पुढं चाल करून येतं आणि मोटारीला आडवं करतं. स्टीअरिंग सरळ धरून मी नुसता अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला. वेग पन्नासाच्या खाली आल्यावर ट्रेलर शांत झाला. कडेला थांबून मी उतरलो आणि मोटारीला जोडणाऱ्या ट्रेलरच्या दांडीला हात घातला. इथं तिला टंग म्हणतात. ती नावापुरती खाली टेकलेली होती. गाडी उलाळ झाली होती.

तेव्हापासून गेली अठरा वर्षं मी माझ्या आणि मित्रांच्या मोटारसायकली वाहून नेतो आहे. ट्रेलर घ्यायला कुणी निघालं, की मला बरोबर नेतं. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो: “कोणता चांगला?” मी आधी त्यांची मोटारसायकल आणि मोटार बघतो. ट्रेलर या दोघांमधला दुवा आहे. ती दोन टोकं माहीत नसताना दुवा निवडता येत नाही.

पहिला हिशेब वजनाचा. प्रत्येक ट्रेलरच्या सांगाड्यावर एक पट्टी असते आणि तिच्यावर मालासकट एकूण वजनाची कमाल मर्यादा लिहिलेली असते. त्यातून रिकाम्या ट्रेलरचं वजन वजा केलं, की उरतं ते आपल्या हक्काचं. माझी जावा दीडशे किलोच्या आसपास. होंडाची गोल्ड विंग साडेतीनशेच्या पुढं. आज एक न्यायची आहे म्हणून लहान ट्रेलर घेतला आणि उद्या मित्राचीही शेजारी उभी केली, तर मर्यादा कधी ओलांडली ते लक्षातही येत नाही. मोटारीच्या बाजूनं हिचची, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या मागच्या जोडाची, मर्यादा वेगळी असते. पहिल्या वर्गाचा हिच २,००० पौंड, म्हणजे साधारण ९०० किलो ओढू शकतो आणि त्याच्या गोळ्यावर २०० पौंड, म्हणजे ९० किलो भार चालतो. मोटारीच्या पुस्तिकेत त्याहून कमी आकडा दिला असेल, तर तोच खरा. हिच, गोळा, त्यावर बसणारा टंगच्या टोकाचा कपलर, मोटार, टायर यांत ज्याचा आकडा सगळ्यात लहान, तो सगळ्यांचा आकडा. गोळ्याचं मापही बघावं लागतं. पावणेदोन इंचांच्या जरा पुढं १⅞ इंचांचा गोळा आणि दोन इंचांचा गोळा नजरेला सारखेच वाटतात. दोन इंचांचा कपलर लहान गोळ्यावर बसतो, लॉकही होतो आणि एखाद्या खड्ड्यात उडून सुटतो.

यानंतर आजोबांचं गणित येतं. ट्रेलर आणि माल मिळून जे वजन होईल, त्याच्या १० ते १५ टक्के भार टंगवर पडला पाहिजे. ट्रेलर १८० किलोचा, जावा १५०, खोकी २०, एकूण साडेतीनशे. म्हणजे टंगवर पस्तीस ते पन्नास किलो हवेत. त्याहून कमी असेल, तर चाकांच्या मागं लोंबणारं वजन लंबकासारखं झोके घ्यायला लागतं. फारच जास्त असेल, तर मोटारीची मागची बाजू बसते, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टीअरिंग नीट लागत नाही. हे मोजायला घरातला वजनकाटा पुरतो. ट्रेलर सपाट जमिनीवर उभा करायचा, चाकांना अडण लावायची, काट्यावर लाकडी ठोकळा ठेवायचा आणि हिचच्या उंचीएवढ्या ठोकळ्यावर टंग टेकवायची. आकडा कमी आला तर मोटारसायकल चार बोटं पुढं. चार बोटांनी केवढा फरक पडतो, ते एकदा स्वतः बघावं.

म्हणूनच मी ट्रेलर बघायला गेलो, की सगळ्यात आधी व्हील चॉक बघतो. तो बोल्ट काढून पुढं-मागं सरकवता आला पाहिजे. वेगवेगळ्या गाड्यांचं वजन वेगवेगळ्या जागी असतं. एकाच जागी वेल्डिंग केलेला चॉक एकाच गाडीला लागू पडतो.

त्याच्यानंतर टंगची लांबी. हिचपासून आसापर्यंतचं अंतर जितकं जास्त, तितका ट्रेलर रस्त्यावर शांत चालतो. मागं घेतानाही लांब ट्रेलर सवडीनं वळतो, आखूड ट्रेलर क्षणात काटकोनात दुमडतो. लोक लहान ट्रेलर सोपा असेल म्हणून घेतात आणि घरासमोरच्या वाटेवर तासभर झगडत बसतात. मागं घेताना स्टीअरिंगच्या तळाला हात ठेवावा. ट्रेलर जिकडं न्यायचा, हात तिकडं न्यावा.

मग चाकं. स्वस्त ट्रेलरला आठ इंची रिमची चाकं असतात. मोटारीचं चाक एकदा फिरतं, तेवढ्यात हे बिचारं दीड वेळाहून जास्त फिरतं. बेअरिंग तापतं, ग्रीस पातळ होऊन निघून जातं, खड्डाही जास्त लागतो. दूरच्या प्रवासाला बारा इंची चाक घ्यावं असं मी आग्रहानं सांगतो. ट्रेलरच्या टायरवर ‘एसटी’ अशी अक्षरं असतात. त्यांत बाजूवर लिहिलेली पूर्ण हवा भरावी लागते, अंदाजानं भरून चालत नाही. थांबेन तिथं मी दोन्ही तुंब्यांवर हाताचा पंजा ठेवतो. कोमट लागलं तर ठीक. एक बाजू दुसरीपेक्षा गरम लागली, तर तिथलं ग्रीस संपलेलं असतं किंवा बेअरिंग जात असतं. आजोबांच्या गाडीच्या साट्याखाली वंगणाची नळी टांगलेली असायची. माझ्या मोटारीच्या डिकीत ग्रीसगन असते.

उघडा ट्रेलर की बंद, हा प्रश्न खिशाचा आणि हवामानाचा. आमच्या मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. उघड्या ट्रेलरवरच्या गाडीच्या क्रोमवर ते एका फेरीत बसतं. बंद पेटी गाडीला जपते, पण ती जड असते आणि समोरचा सगळा वारा अंगावर घेते. लहान मोटारीला तो वारा ओढणं मालापेक्षा अवघड जातं. ज्याच्याकडं ट्रेलर ठेवायला जागा नाही, त्यानं दुमडून भिंतीशी उभा राहणारा घ्यावा. ज्याची गाडी जड आहे आणि गुडघे दुखतात, त्यानं पाटा जमिनीला टेकणारा घ्यावा. अरुंद रॅम्पवरून एकट्यानं साडेतीनशे किलोची गाडी चढवताना मध्येच पाय खाली पोचत नाही. त्या क्षणी गाडी वाचवायला जाऊन माणसं जायबंदी होतात.

बांधणं ही शेवटची गोष्ट, आणि माझी सगळ्यात आवडती. गाडी चॉकमध्ये सरळ उभी करायची, साइड स्टँड वर. पुढच्या फोर्कच्या खालच्या जोडावर मऊ दोऱ्यांचे फासे अडकवायचे, हँडलवर नाही. हँडल वाकतं, फिरतं. तिथून दोन पट्टे पुढं आणि बाहेर, पंचेचाळीस अंशांच्या आसपास. एक बाजू थोडी ओढायची, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. फोर्क हळूहळू खाली दबत जातो. निम्म्याच्या आत थांबायचं. पुरता दाबला तर खड्ड्यात दबायला जागा उरत नाही आणि ऑइल सीलवर ताण येतो. मागून दोन पट्टे, ओढण्यापुरते नाहीत, मागचं चाक बाजूला उडू नये एवढ्यापुरते. शेवटी मी सीट धरून गाडी हलवतो. गाडीबरोबर सगळा ट्रेलर हलला, तर दोघं एकजीव झाले. नुसती गाडी हलली, तर पुन्हा पहिल्यापासून. निघाल्यावर दहा-पंधरा मैलांवर थांबून पट्टे पुन्हा बघायचे. पहिल्या काही मैलांत सगळं जागेवर बसतं आणि पट्टे थोडे ढिले पडतातच.

टंगखालच्या सुरक्षा साखळ्या एकमेकींवरून ओलांडून अडकवतात. कपलर सुटलाच, तर त्यांच्या झोळीत टंग पडते आणि रस्त्यात रुतत नाही. चार तारांची दिव्यांची जोडणी असते. पांढरी अर्थिंगची, तपकिरी मागच्या दिव्यांची, पिवळी डावीकडची, हिरवी उजवीकडची. दिवे लागत नसतील तर दहापैकी नऊ वेळा पांढऱ्या तारेचा स्क्रू गंजलेला असतो.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात वडील इथं आले होते. आता त्यांचं वय ऐंशीच्या घरात. मी जावा ट्रेलरवर चढवून बांधली होती, पहाटे मिड-ओहायोला निघायचं होतं. मोटार अजून जोडायची होती, टंग ठोकळ्यावर टेकलेली होती. वडील अंगणात आले, जावाच्या टाकीवर हात फिरवला, किकच्या दांड्याकडं बघून हसले. मग काही न बोलता ट्रेलरच्या मागं गेले आणि शेवटच्या फळीवर दोन्ही तळवे टेकवून त्यांनी अंगाचा भार टाकला. ट्रेलरच्या स्प्रिंगा जरा दबल्या. टंग ठोकळ्यावरून उठली नाही.

“उलाळ न्हाय,” ते म्हणाले. “जोड आता.”