पाटावरून उठताना

गतवर्षीच्या भाद्रपदातील गोष्ट. गौरीच्या जेवणाची पंगत बसली होती. एरवी आमच्या घरी टेबलखुर्चीचा प्रघात पडून कित्येक वर्षे लोटली असली, तरी त्या दिवशी पाट मांडण्याची चाल आम्ही अद्याप सोडलेली नाही. जेवणे आटोपली, मंडळी हात धुण्यास उठली. आम्ही मात्र बसलोच. एक हात जमिनीस टेकून अर्धे उठलो, तोच गुडघे लटपटले आणि पुन्हा पाटावर आदळलो. धाकट्या नातीने धावत येऊन हात दिला. थोरल्या सूनबाई मायेने म्हणाल्या, "पुढच्या वर्षीपासून बाबांना खुर्चीच द्यायची. उगीच दगदग नको."

त्या शब्दांत आपुलकीवाचून दुसरे काही नव्हते. तथापि ते ऐकून आमच्या काळजात चर्र झाले. कारण नेमके हेच शब्द काही वर्षांपूर्वी आम्ही स्वतः आमच्या मातुःश्रींविषयी उच्चारले होते. प्रथम त्यांच्या हातची पाण्याची कळशी आम्ही काढून घेतली. मग माडीचा जिना बंद केला. मग पाट जाऊन खुर्ची आली. तरुणपणी जाते ओढलेल्या, आडाचे पाणी शेंदलेल्या त्या माउलीस आम्ही मोठ्या भक्तिभावाने एका जागी बसविले आणि त्यास सेवा असे नाव दिले. दोन वर्षांत त्यांची पावले डळमळू लागली. एके पहाटे न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी तोल गेला आणि खुब्याचे हाड मोडले. त्यानंतर अंगणातल्या तुळशीपर्यंत चालत जाणेही त्यांना घडले नाही. सारा दोष आमच्या सेवेचा होता असे नव्हे. वयाचा वाटा होताच. परंतु आमचा वाटा किती, हा प्रश्न त्या दिवशी पाटावर बसल्या बसल्या आमच्यापुढे उभा राहिला.

हाड म्हणजे भिंतीतला दगड नव्हे. ते जिवंत आहे. जुना भाग पोखरून काढणाऱ्या आणि नवा भाग रचणाऱ्या अशा दोन प्रकारच्या पेशी त्यात अहोरात्र राबत असतात. उतारवयात, आणि स्त्रियांच्या बाबतीत रजोनिवृत्तीनंतर विशेष वेगाने, पोखरणाऱ्यांची सरशी होते. हाडावर जसा भार पडेल तशी त्याची घडण होते, हे जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ सालीच ग्रंथरूपाने मांडले. भारच पडला नाही तर रचणाऱ्यांस काम कोण सांगणार? स्नायूंचीही तीच कथा. बसून खाल्ल्यास कुबेराचे भांडारही सरते, ही म्हण धनाइतकीच शरीरासही लागू आहे. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी वृद्धांस अवघे दहा दिवस अंथरुणावर ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांचे जवळजवळ एक किलो मांस झडले. विश्रांतीची किंमत ती ही.

गेलेले परत मिळते काय? या प्रश्नाचे उत्तर बोस्टन येथील एका वृद्धाश्रमाने दिले आहे. मारिया फियातारोने या विदुषीने तेथील ८६ ते ९६ वर्षे वयाच्या दहा दुर्बळ स्त्रीपुरुषांकडून आठ आठवडे पायांनी वजने उचलविली. तीही नावापुरती हलकी नव्हेत, तर ज्याच्या त्याच्या शक्तीच्या मानाने चांगली जड. १९९० साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. प्रयोग पूर्ण करणाऱ्या नऊ जणांची शक्ती सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती, आणि दोघांनी हातची काठी टाकली होती. नव्वदीत जर हे साधते, तर आमच्यासारख्या अडुसष्ट वर्षांच्या गृहस्थाने कोणती सबब सांगावी?

हाडांविषयीही असाच अनुभव आहे. ऑस्ट्रेलियातील ग्रिफिथ विद्यापीठाने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, हाडे विरळ झालेल्या प्रौढ स्त्रियांनी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा अर्धा अर्धा तास जड वजने उचलली. आठ महिन्यांत त्यांच्या कंबरेच्या मणक्यांची घनता सुमारे २.९ टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची मात्र १.२ टक्क्यांनी घटली.

आमचे एक स्नेही यावर म्हणाले, "आम्ही रोज टेकडीवर फिरावयास जातो, ते पुरे नाही का?" फिरणे हृदयास हितकारकच आहे, परंतु केवळ सपाटीवर चालण्याने हाडांत किंवा स्नायूंच्या शक्तीत फारशी भर पडत नाही. सूर्यनमस्काराचेही असेच. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ज्याचा हिरिरीने पुरस्कार केला, तो हा व्यायाम थोर खरा. पण त्यात आपल्या देहाचा भार तेवढाच राहतो, आणि शक्ती तर वाढत्या भाराने वाढते. दूध विरजल्यावाचून दही नाही, तसे भार वाढविल्यावाचून बळ नाही.

तेव्हा आम्ही प्रथम डॉक्टरांकडून रक्तदाब व हाडे तपासून घेतली आणि एका फिजिओथेरपिस्ट बाईंचे शिष्यत्व पत्करले. त्यांनी खुर्चीवर बसवून, हात छातीवर बांधून, अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येते ते मोजले. ६५ ते ६९ वयाच्या पुरुषास बाराहून आणि स्त्रीस अकराहून कमी वेळा उठता आले, तर पायांची शक्ती उणी समजतात. आम्ही आठवर थांबलो! मग आठवड्यातून दोन दिवस नेमाने खुर्चीवरून उठबस, भिंतीस हात लावून जोर, आणि दोन किलोची वजने असा पाठ सुरू झाला. सोपे वाटू लागले की वजन थोडे वाढवावयाचे. उचलताना श्वास कोंडावयाचा नाही. सांध्यात कळ आली तर थांबावयाचे. मणका पूर्वी दबला असेल तर वाकून वजन उचलू नये, हेही त्यांनी बजावून सांगितले. अन्नाकडेही लक्ष द्यावे लागले. वृद्धांस देहाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने हवीत. पातळ वरणाच्या एका वाटीने ती भागत नाहीत. म्हणून घट्ट वरण, उसळ, दूध, दही आणि मूठभर शेंगदाणे यांस ताटात मानाचे स्थान मिळाले.

घरात प्रथम हसू झाले. "या वयात पैलवान व्हायचंय का?" असे सौभाग्यवतींनी विचारले. चार महिन्यांनी त्याच आमच्या शेजारी वजने घेऊन उभ्या राहिल्या; कारण फळीवरचा तांदळाचा डबा आम्ही एकट्याने उतरविलेला त्यांनी पाहिला होता.

यंदा गौरीच्या जेवणास पाट मांडले गेले, तेव्हा आमच्या जागी खुर्ची आणली होती. आम्ही ती बाजूस सारावयास सांगितली. जेवणानंतर एक हात गुडघ्यावर ठेवावा लागला. तो लपवीत नाही. परंतु उठलो ते आपल्या पायांवर. सूनबाई क्षणभर पाहत राहिल्या. मग त्यांनी पाण्याची भरलेली कळशी आमच्यापुढे केली आणि म्हणाल्या, "बाबा, एवढी देवघरात नेऊन ठेवता का?"

मातुःश्रींच्या हातून आम्ही काढून घेतलेली कळशी ती हीच. वडीलधाऱ्यांचा मान राखू इच्छिणाऱ्या प्रत्येक घरास आमची एवढीच विनंती आहे की, त्यांच्या हातचे ओझे घेण्यापूर्वी क्षणभर थांबावे. आणि त्यांना झेपेल तेवढे त्यांच्यापाशीच राहू द्यावे.