हप्त्याची फी

आमच्या मालेगावात ‘हप्ता’ या शब्दाचे दोन अर्थ एकदम चालतात. उर्दूत हप्ता म्हणजे आठवडा, मराठीत हप्ता म्हणजे थोडी थोडी फेडायची रक्कम. पॉवरलूमवरच्या माणसाला दोन्ही लागू. पगार आठवड्याला, जुम्म्याला लूम बंद, आणि त्याच पगारात किराणा, दवाखाना, मुलांची फी. आमची शाळा याच वस्तीतली, उर्दू माध्यमाची आणि विनाअनुदानित. सरकारी अनुदान नाही. पालकांच्या फीतूनच जागेचे भाडे, लाइट बिल आणि आम्हा शिक्षकांचे पगार.

8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या. दिवाळीची सुट्टी संपून वर्ग भरले तेव्हा वस्तीचा आवाज बदललेला होता. एरवी लूमच्या खडखडाटावर आवाज चढवून आम्ही शिकवतो. त्या दिवसांत हळू बोललेलेही शेवटच्या बाकापर्यंत पोहोचे. मालकांना चालू खात्यातून आठवड्याला 50 हजारांपेक्षा जास्त रोकड काढता येत नव्हती आणि मजुरी तर सगळी रोख. कुठे एकच पाळी चाले, कुठे कारखान्याला कुलूप.

डिसेंबरात चौथीतल्या एका मुलीचे अब्बा दाखला मागायला आले. मुलगी घरी राहिली तर कांडी भरेल, आईला हातभार लागेल, असा हिशेब. आमच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे बडी आपा म्हणतात, एवढेच म्हणाल्या, “भाईजान, दाखला कुठे पळून जात नाही. परीक्षा होऊ द्या. फीचं मी विचारलंय का तुम्हाला?”

कायद्याने आम्ही असे वागायला बांधलेलो नव्हतो. अल्पसंख्याक शाळांना 2009 चा शिक्षण हक्क कायदा लागू होत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2014 चा निकाल आहे. म्हणजे त्या कायद्यातल्या 25 टक्के जागांची सरकारी भरपाई आम्हाला नाही, आणि मुलाला शाळेतून काढू नये हे त्याचे बंधनही नाही. जे ठरवायचे ते आमचे आम्हालाच ठरवायचे होते.

मग बैठक झाली. फी महिन्याला न मागता आठवड्याला घ्यायची, दहा रुपये आले तरी वहीत मांडायचे. वर्गात कुणाचेही नाव फीसाठी पुकारायचे नाही, निकाल अडवायचा नाही. आणि एप्रिलपर्यंत आम्ही अर्धा पगार घ्यायचा. हे आम्ही हसतखेळत मान्य केले असे लिहिले तर ते खोटे होईल. आमच्यातल्या बहुतेक बाया, डीएड झालेल्या, आणि काहींचे शौहर स्वतः लूमवर. एका सहकारी बाईंनी जानेवारीत शाळा सोडून घरी शिकवण्या सुरू केल्या. त्यांना कुणी नावे ठेवली नाहीत. खासगी शाळांचे कौतुक होते तेव्हा त्या अशा बायांच्या तुटपुंज्या पगारावर उभ्या असतात, हे कुणी सांगत नाही.

मेच्या अखेरीस रमजान आला. काही लोक जकातची रक्कम घेऊन शाळेत आले. मौलाना साहेबांना विचारले, तर ते म्हणाले की जकात इमारतीला किंवा पगाराला लावता येत नाही, ती हकदाराच्या मालकीत गेली पाहिजे. म्हणून आम्ही पैसे घेतले नाहीत, घरे सांगितली, तीही त्या घरांना विचारून. रक्कम बापाच्या हातात गेली. त्यातून काहींनी थकलेली फी आणून दिली, काहींनी आधी दुकानदाराची उधारी फेडली. तो त्यांचा हक्क होता.

जून 2017 मध्ये पहिलीला इतके अर्ज आले की दुसरी तुकडी काढावी लागली. शाळेचे नाव झाले होते हे खरे. पण निम्मी मुले महागड्या इंग्रजी शाळांतून आलेली होती, कारण तिथली फी त्यांच्या घरांना झेपेना. दुसऱ्याच्या घरातली तंगी आमच्या पटावर वाढ म्हणून दिसत होती, त्यामुळे मुबारकबाद घेताना संकोच वाटे. त्या पालकांनी एक गोष्ट मात्र आवर्जून विचारली, मराठी नीट शिकवता ना? कचेरीत, दवाखान्यात, पोलीस भरतीत आपले मूल अडते, हा त्यांचा अनुभव. आम्ही मराठीचे तास वाढवले.

1 जुलैला जीएसटी आला आणि कापडाचा बाजार पुन्हा थंडावला. राहिलेला अर्धा पगार आम्हाला वर्षभर, थोडा थोडा करून मिळाला. कांडी भरणार होती ती मुलगी पाचवीत बसली. हप्त्याची फी आजही चालू आहे. जुम्म्याची सुट्टी संपली की शनिवारी सकाळी टेबलावर नाण्यांचे ढीग लागतात, मोजायला अर्धा तास जातो. बँकेत एवढी चिल्लर घ्यायला कुरकुर करतात, म्हणून समोरच्या किराणावाल्या चाचांना देतो. त्यांना सुट्टे पैसे कायम हवेच असतात.