सणाआधीचा हिशेब

कारीगर टिकवायचा असेल तर त्याचे थोडे पैसे आपल्या हातात ठेवावेत, या मताचा मी बरीच वर्षं होतो. आज नाही.

मी नाशिककडचा. नोकरीच्या निमित्तानं जयपूरला आलो आणि कपड्यांच्या निर्यातीच्या धंद्यात रुळलो. सीतापुरा, सांगानेर हा आमचा पट्टा. शिलाईच्या लाइनवर बिहार-उत्तर प्रदेशातले कारीगर बरेच, बहुतेक पीस रेटवर. दिवाळी आली की त्यांना छठसाठी गावाकडे निघायची घाई, आणि आमच्या उन्हाळी ऑर्डरी तेव्हाच तोंडाशी आलेल्या. गेलेला माणूस परत येईलच याची खात्री नाही. म्हणून निघताना पूर्ण हिशेब द्यायचा नाही, काही रक्कम मागे ठेवायची, ही रीत मी अनेक ठिकाणी पाहिली आणि मला ती पटलेली होती. आधी कामगारानं विश्वास कमवावा, मग आपण टाकावा, असं मी म्हणत असे.

याच शहरातल्या गालिच्यांच्या धंद्यानं मला वेगळा विचार करायला लावला. ‘जयपूर रग्ज’चे नंदकिशोर चौधरी यांनी 1978 मध्ये चुरू इथे 2 माग आणि 9 विणकर घेऊन सुरुवात केली. ज्या समाजांना अस्पृश्य मानलं जाई, त्यांतले हे विणकर. त्यांच्यात ऊठबस करणं नातलगांना खपलं नाही, पण चौधरींनी ती सोडली नाही. आज सुमारे 40,000 कारागीर त्यांच्याशी जोडलेले आहेत, त्यांत बहुसंख्य बाया. माग विणकराच्या दारात किंवा गावात. सूत आणि नक्शा तिथे पोचवायचा आणि गालिचा पुरा होईपर्यंत कित्येक महिने तो महागाचा माल तिच्याच ताब्यात. तिथे ना गेट, ना पंचिंग. पुढे ‘मनचाहा’ उपक्रमात तर नक्शाही काढून घेतला: उरलेल्या सुतातून विणकरानं आपल्या मनातलं विणायचं. इथे विश्वास आधी मालकानं टाकला होता.

मग मी आमच्याकडे नीट पाहू लागलो. अडकवलेला पैसा माणसाला परत आणतो खरा, पण हिशेब घेण्यापुरता. हिशेब हातात पडला की तो पुढच्या गल्लीतल्या कारखान्यात. मशीन तेच, रेटही तोच. एका कारीगराच्या खिशात छोटी डायरी असे. रोज सुटताना तो लिही: तारीख, कॉलर किती, बाह्या किती, ऑल्टरला, म्हणजे दुरुस्तीला, किती परत आले. आमच्या सुपरवायझरच्या रजिस्टरशी ते आकडे जुळत नसत, आणि आम्ही कायम रजिस्टरच खरं मानायचो. माणसं का जातात याचं उत्तर त्या डायरीत होतं. नेतृत्वाच्या प्रशिक्षणांत बोलावं कसं, ऐकावं कसं हे शिकवतात. ते चांगलंच आहे. पण कारीगर आपल्याला तोलतो तो पीस मोजताना आणि पैसे देताना.

आता नवी स्टाइल लाइनवर चढण्याआधी रेट फळ्यावर लागतो. संध्याकाळी मोजणीवर दोघांची सही होते. ऑल्टरचा दोष कटिंगचा असेल तर तो शिलाईवाल्याच्या माथी मारत नाही. गावी निघणाऱ्याला पूर्ण पैसे मिळतात. सगळे परततात असं मी म्हणणार नाही. पण न येणारा आता फोन करून तसं सांगतो, कधी धाकट्या भावाला पाठवतो. नवा माणूस ओळखीतून येऊ लागला, ही माझ्या लेखी मोठी गोष्ट आहे.

तुमच्या हाताखाली चार माणसं असोत की चारशे, यंदा सणाला निघणाऱ्याचा हिशेब आदल्या दिवशी पै न् पै चुकता करा. तो परत येईल की नाही, हे तेव्हा विचारू नका.