नेकच्या खाचेतला कागद

जुलैच्या ऐन पावसात वडगाव मावळचा एक पोरगा दुचाकीवरून आला. पाठीवर ताडपत्रीत गुंडाळलेला बेस गिटार, केस नव्हतीच. लोणावळ्याच्या तुंगार्लीतला एक जुना बंगला विकायला निघाला होता आणि तिथल्या माळ्याच्या खोलीत हा बेस भिंतीला टेकून उभा होता म्हणे. पाच हजार इसार देऊन झाले होते, उरलेले पंचावन्न हजार माझ्या ‘हो’वर अडलेले.

“काका, अमेरिकन आहे ना? सत्त्याहत्तरचा?”

हेडस्टॉकवर ‘फेंडर’ लिहिलेलं होतं आणि त्याखाली एस ७ पासून सुरू होणारा नंबर. फेंडरचा नंबर पूर्वी नेकच्या मागच्या पत्र्यावर असे. १९७६ च्या सुमारास तो हेडस्टॉकवर आला. एस म्हणजे सत्तरचं दशक, ई म्हणजे ऐंशीचं, एन म्हणजे नव्वदचं. म्हणजे एस ७ झाला १९७७ चा. पोराला हे सगळं पाठ होतं. म्हणूनच नंबर मी शेवटी बघतो. जी खूण सगळ्यांना पाठ असते, तीच आधी बनावट निघते.

गंज तर मी बघतच नाही. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जूनमध्ये कपाटात ठेवलेल्या चपलांना ऑगस्टमध्ये पांढरी बुरशी येते, तिथं ब्रिजच्या स्क्रूची काय कथा? गवळीवाड्यातल्या माझ्या टेबलावर चार वर्षांचे बेस चाळीस वर्षांचे दिसतात. उलट मुंबईत एसी स्टुडिओत राहिलेला खरा म्हातारा कालच खोक्यातून काढल्यासारखा असतो. बाहेरचा रंग आणि खरचटे दोन्ही गप्पिष्ट असतात, विचारलं ते सांगतात. मला जिथं कुणी बघेल असं बनवणाऱ्याला वाटलंच नव्हतं, तिथं बघायचं असतं.

पुढचा, बटणांचा पत्रा काढून पॉट बघितले, म्हणजे बटणांखालचे आवाज आणि टोन कमीजास्त करणारे भाग. फेंडरच्या जॅझ बेसच्या धर्तीचं वाद्य होतं, म्हणजे दोन व्हॉल्यूम आणि एक टोन. व्हर्नियर कॅलिपर लावला तर व्हॉल्यूमच्या पॉटचा दांडा बरोबर ६ मिलिमीटर, मधोमध चीर दिलेला. अमेरिकन पॉटचा दांडा पाव इंचाचा, म्हणजे ६.३५ मिलिमीटर. तिसऱ्या दशांशाचा वाद नाही हा, नखाला जाणवणारा फरक आहे. पण कुणी अमेरिकन बेसमध्येही नंतर जपानी पॉट बसवलेले असू शकतात, म्हणून पॉट ज्यात बसतात त्या पत्र्यातली भोकं मोजली. तीही मेट्रिक मापाची, कुणी मोठी केल्याची खूण नाही.

टोनचा पॉट मात्र वेगळा होता. शून्यावर आणला की ‘टक्’ असा आवाज यायचा. मला हसू आलं. जुन्या रेडिओत व्हॉल्यूम आणि चालू-बंदचं बटण एकाच पॉटवर असायचं, तोच इथं येऊन बसला होता. पुण्याच्या टापकीर गल्लीतला असेल नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा. कुणीतरी बिघडलेला पॉट काढून हाताला लागला तो ठोकला होता आणि काम चाललंही होतं.

पॉटवरून वय काढण्यात माझी एकदा फजिती झालेली आहे, ती सांगून टाकतो. अमेरिकन पॉटच्या पाठीवर आकडे ठोकलेले असतात. पहिले तीन बनवणाऱ्याचे, १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल, आणि पुढचे वर्ष आणि आठवडा. पुण्याच्या एका गृहस्थांच्या फेंडर प्रिसिजन बेसमध्ये ३०४ ६६३२ दिसलं. १९६६ सालचा ३२ वा आठवडा. मी ऐटीत लेखी दिलं, वाद्य १९६६ चं. घेणाऱ्यानं नेक उघडला तर टाचेवर शिक्का, ५ ऑक्टोबर ६८ बी. तेव्हा फेंडरनं स्टॅकपोलच्या पॉटचा मोठा साठा १९६६ मध्ये घेऊन ठेवला होता आणि पुढची दोन-तीन वर्षं तोच वापरला, हे मला नंतर कळलं. पॉटची तारीख ही जन्मतारीख नसते, त्याआधी जन्म नाही एवढंच ती सांगते. आणि त्या शिक्क्यातला ५ ही तारीखही नाही. तो प्रिसिजन बेसचा क्रमांक, जॅझ बेसचा ७. ‘पाच तारखेला बनला’ म्हणून वाढदिवस साजरा करणारा एक माणूस मला माहीत आहे. मी त्याला काही बोललो नाही. त्या पुण्याच्या गृहस्थांना मात्र फी परत केली.

तर हा बेस. खोबणीच्या आतल्या कडेवर टॉर्च धरला आणि बॉडी थरांची दिसली. तीन-चार जाड पट्ट्या एकमेकांवर डकवलेल्या. फेंडरच्या फुलर्टनच्या कारखान्यात ॲश आणि ऑल्डरचे सलग तुकडे जोडून बॉडी बनायची, असं प्लायवूड नव्हे. मागच्या पत्र्यावर कानशीचे ओरखडे होते, तिरक्या उजेडात त्याखाली ‘जपान’मधली दोन अक्षरं दिसली. हेडस्टॉकवरच्या ‘फेंडर’च्या कडेला नख लावलं तर कोपरा उचलला गेला. ते चिकटवलेलं होतं. खाली जुनं नाव पॉलिशपेपरनं घासून काढलेलं.

पोराचा चेहरा उतरला. म्हटलं, थांब, आता तर खरं काम सुरू झालं. जपान म्हणजे कुठलं साल?

सत्तरच्या दशकात जपानात नागानो प्रांतातल्या मात्सुमोतो गावात मात्सुमोकू आणि फुजिगेन हे कारखाने अमेरिकन वाद्यांच्या नकला धडाधड काढत होते. एकाच कारखान्यातून पाच-दहा नावांनी माल बाहेर पडायचा. त्यामुळे घासलेलं नाव मिळालं असतं तरी फार उजेड पडला नसता. पण नकलेला एक नियम असतो, ती अस्सलाच्या आधी जन्माला येऊ शकत नाही. या बेसच्या मागचा पत्रा तीन स्क्रूंचा होता आणि ट्रस रॉडचा, म्हणजे नेकमधल्या सळईचा, नट हेडस्टॉकवर गोळीसारखा बाहेर आलेला. फेंडरनं जॅझ बेसवर ही धाटणी १९७४-७५ मध्ये आणली, त्याआधी चार स्क्रू असायचे. म्हणजे हा त्याच्या आधीचा नाही. खालची हद्द मिळाली.

वरची हद्द नेक काढल्यावर मिळाली. अस्सल तीन स्क्रूवाल्या फेंडरमध्ये त्या पत्र्यात एक बारीक भोक असतं. त्यातून ॲलन की घातली की नेकचा कोन बदलतो, नेक उघडायला लागत नाही. नकलेत भोक होतं, पण आत काहीच नव्हतं, फक्त दाखवायला पाडलेलं. म्हणून कधीतरी तारा फ्रेटपासून फार वर गेल्यावर कारागिरानं नेक उघडून खाचेत शिम घातली, सुतार पाचर म्हणतो ती. कसली? वर्तमानपत्राची. आठ घड्या घातलेला, करवंदी डागांचा, बोटाएवढा कागद. चिमट्यानं उलगडला. मराठी. अर्ध्या ओळी तुटलेल्या, आणि एका कोपऱ्यात ‘मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांनी’.

पोरगा माझ्या तोंडाकडे बघत होता, त्याला हे नाव काही सांगत नव्हतं. मी मात्र खुर्चीत मागे टेकलो. अंतुले जून १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले आणि जानेवारी १९८२ मध्ये पायउतार झाले. रद्दी कारागिराच्या दुकानात फार तर दोन-चार महिने टिकते, मग तिच्यात काहीतरी बांधलं जातं. तेव्हा ही दुरुस्ती १९८० ते ८२ ची, फार ओढलं तर ८३ ची. दुरुस्ती करणारा मराठी पेपर घेणारा. आणि बेस तोवर इथं पोचून वाजून वाजून नेक बिघडण्याइतका जुना झालेला.

त्या काळात परदेशी वाद्य दुकानात जाऊन घेता येत नव्हतं. आयातीवर निर्बंध, जकात जबर. ती यायची जहाजावरच्या वादकांबरोबर, खलाशांबरोबर, दौऱ्यावरून परतणाऱ्यांबरोबर. लोणावळ्यात आयएनएस शिवाजी आहे, नौदलाचं तंत्रशिक्षणाचं ठाणं, आणि मुंबईचे बंगलेवालेही. कुठल्या वाटेनं हा आला ते कागद सांगत नाही. एवढं मात्र दिसतं की वाटेत कुणीतरी जपानचं नाव कानशीनं खरवडलं. त्या काळी ते नाव अडचणीचं वाटायचं, आज त्याच जपानी नकलांना लोक शोधत येतात. माझं विचाराल तर सत्तरच्या दशकाच्या शेवटचे बरेचसे अमेरिकन बेस मी या बेसपेक्षा नाखुषीनं वाजवेन. वजनानं खांदा उतरतो ते वेगळंच.

उलटंही होतं, बरं का. मागे एकानं फेंडरच्याच स्वस्त मालिकेतला स्क्वायर आणला होता, हेडस्टॉकवर ‘मेड इन इंडिया’. नकली म्हणून भंगारात घालायला निघाला होता. फेंडरनं ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस स्क्वायर टू खरोखरच भारतात बनवून घेतले होते. त्याला मी हेच सांगितलं तेव्हा त्याला वाटलं मी थट्टा करतोय.

पोरानं विचारलं, “मग किती द्यायचे?”

म्हटलं, साठ नव्हे. त्याच्या निम्म्यानं बोलणं सुरू कर, ‘फेंडर’ हा शब्द तोंडातून काढू नकोस आणि रेडिओचा पॉट खराब आहे म्हणून आणखी पाच कापून घे. पॉट खराब नव्हता, पण बंगलेवाल्यांना काय कळतंय. चिठ्ठीवर लिहून दिलं: जपान, १९७५ ते १९८१. बॉडी प्लायवूड. पिकअप मूळचे. टोन पॉट भारतीय, नंतरचा.

नेक परत बसवायची वेळ आली. मी मेपलची पातळ फळी कापून ठेवली होती, कागदी शिम दमट हवेत चपटी होते आणि सूर मंदावतो असं माझं मत आहे. पोरानं हात धरला. “काका, तेच ठेवा ना.”

पावसानं पत्र्यावर ताशा धरला होता. कागद जुन्या घड्यांवरच पुन्हा दुमडला, खाचेत ठेवला, तिन्ही स्क्रू आवळले. अंतुले परत आत गेले. ई तार सैल होती, ती चढवली.