हेही नाही, तेही नाही!

'मराठी विभागासाठी काहीतरी लिहून दे' म्हटल्यावर मला आधी घामच फुटला. दहावीपर्यंत कॉन्व्हेंट, मराठी फक्त घरात आणि एस.टी.त. तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या. पण ही गोष्ट मराठीतच सांगायला हवी, कारण ती घडली माझ्या इंग्रजीच्या तोऱ्यामुळे.

हॉस्टेलवर कुणाच्याही स्क्रीनवर लाल अक्षरं उमटली की हाक येते, "ए कॉन्व्हेंट, बघ ना काय म्हणतंय!" मी पहिले चार शब्द वाचते आणि निकाल देऊन मोकळी होते.

मिनी प्रोजेक्टसाठी आम्ही दोघींनी गॅझिबो सिम्युलेटरमध्ये टर्टलबॉट-३ चालवायचं ठरवलं. खरा रोबो घ्यायला पैसे कुठून आणणार? इथे तो भिंतीवर आपटला तरी खर्च शून्य! सोबत रॉसची नोएटिक आवृत्ती. तिचा सपोर्ट मे २०२५ मध्ये संपला, पण आमच्या पॅकेजेस तिच्यावरच चालत होत्या. रॉसमधली लॉन्च फाईल म्हणजे लग्नघरातला कारभारी. एका हाकेत भिंती, रोबो, सेन्सर सगळ्यांना कामाला लावते.

सोमवारी डेमो. शनिवारी मी घरी पोखर्णीला आले, पार्टनर गंगाखेडला गेली. संध्याकाळी तिने नवी लॉन्च फाईल पाठवली. मी ती फोल्डरमध्ये टाकली आणि नेमकी लाईट गेली. माझ्या लॅपटॉपची बॅटरी नावालाच, त्यामुळे तोही गेला. लाईट आल्यावर कमांड दिली, तर लाल अक्षरं! मतलब असा, की ही त्या पॅकेजमधली लॉन्च फाईल नाही, आणि ते पॅकेजही लॉन्च फाईलचं नाव नाही.

मी लगेच फोन लावला. "तुझी फाईल बिघडलेली आहे."

"माझ्याकडे चालतीये गं. जुनी फाईल चालवून बघ ना एकदा."

"तुला एरर तरी नीट वाचता येते का?"

पलीकडे शांतता. मग फोन बंद. ती मराठी मीडियमची आहे, हे मला माहीत होतं. म्हणूनच तर ते वाक्य तोंडातून गेलं.

रात्री अकरापर्यंत मी तिच्या फाईलमधली एकेक ओळ तपासली. एकही चूक सापडेना. आजी म्हणाली, "काय म्हणतंय गं ते यंत्र?"

"हेही नाही म्हणतंय, अन् तेही नाही."

आजी हसली. "मग हे तर हिरण्यकश्यपूचं वरदान झालं! आत नाही, बाहेर नाही. उंबऱ्यात बघ की."

नृसिंहाच्या गावची आजी, दुसरं काय सुचणार! आजीला रॉस कळलं असं नाही, पण मी थांबले. पार्टनरने सांगितलेली जुनी फाईल चालवली. शुक्रवारी धडधडीत चाललेली ती फाईल; तिलाही तीच एरर! म्हणजे दोष नव्या फाईलचा नव्हताच. मग रॉस पॅकेजेस कुठे कुठे शोधतं, तो पाथ छापून बघितला. त्यात आमच्या वर्कस्पेसचं नावच नव्हतं.

गोम अशी, की वर्कस्पेसची सेटअप फाईल प्रत्येक नव्या टर्मिनलमध्ये 'सोर्स' करावी लागते. तेव्हा कुठे त्या टर्मिनलला आपल्या पॅकेजेसचा पत्ता कळतो. हॉस्टेलवर मी लॅपटॉप कधी बंदच करत नव्हते. सोर्स केलेली तीच खिडकी आठवडाभर उघडी! लाईट गेली आणि तिच्याबरोबर पत्ताही. फाईल जागेवर, पॅकेज जागेवर. विसरला होता तो उंबरा.

सोर्स केलं. आता दुसरी एरर: टर्टलबॉटचं मॉडेल सांगितलेलं नाही. तेही त्याच खिडकीबरोबर गेलेलं. या वेळी शेवटपर्यंत वाचलं, 'बर्गर' असं एक्सपोर्ट केलं, आणि रोबो उभा राहिला. रात्री साडेबारा वाजता मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

सोमवारी सकाळच्या गाडीत ती गंगाखेडहून बसून आली होती. मी पोखर्णीला चढले. तिने शेजारची जागा धरून ठेवली होती, पण बघत होती खिडकीबाहेर. मी म्हणाले, "चूक माझी होती. फाईलच्या बाबतीतही आणि बोलण्याच्या बाबतीतही."

"एरर मी वाचली होती," ती म्हणाली. "पूर्ण."

परभणी येईपर्यंत आम्ही दुसरं काही बोललो नाही. डेमो मात्र छान झाला.

आता त्या दोन्ही ओळी मी बॅशआरसीत कायमच्या लिहून ठेवल्यात. टर्मिनल उघडलं की आपोआप चालतात. जिभेसाठी अशी सोय अजून निघालेली नाही. म्हणून "ए कॉन्व्हेंट!" अशी हाक आली, की मी आधी पार्टनरला उठवते.